सहा तारखेचा फुगा

सगळं गाव मला सिस्टर म्हणतं आणि माझा सख्खा भाऊ मला डास म्हणतो. लहानपणी मी त्याच्या कानाशी सारखी भुणभुण करायचे म्हणून ते नाव पडलं. पुढे मी नर्स होऊन लोकांना सुया टोचायला लागले तेव्हा ते पक्कंच झालं. "बघा, मी आधीच ओळखलं होतं," असं तो येईल-जाईल त्याला सांगतो. मला राग येतो. मला राग लवकर येतो हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको.

दादाला सगळी गल्ली भाता म्हणते. छाती रुंद, आवाज दणदणीत, आणि धंदाही फुंकण्याचा. तो काच फुंकतो. फुलदाण्या नि शोभेचे हंस नव्हेत. प्रयोगशाळेत लागतात ते चंबू, तोट्या, वळणावळणाच्या नळ्या. काचेची नळी बर्नरच्या ज्योतीत फिरवत ठेवायची, तिला जोडलेली रबरी नळी दातात धरायची, आणि काच मऊ होऊन ओघळायला लागली की नेमकी तेवढीच फुंकर घालायची. जास्त झाली तर काच फुटते, कमी पडली तर बसते. आमचे वडीलही हेच करायचे. त्यांनी दादाला एक सवय लावून दिली होती. सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम गिऱ्हाइकाचं नाही. उरल्यासुरल्या काचेतून, रोज तेवढ्याच वजनाचा, एक फुगा फुंकायचा. एकाच दमात. मध्ये श्वास घ्यायचा नाही. मग हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने त्याच्या मानेवर तारीख कोरायची आणि खिडकीवरच्या फळीवर ओळीने मांडायचा. महिना संपला की सगळे फोडून भंगार काचेच्या पिंपात. "हात आणि छाती जागेवर आहेत का, ते सकाळीच कळतं," वडील म्हणायचे. दादाचा फुगा दोन्ही हातांच्या ओंजळीत मावायचा नाही. वर्षानुवर्षं तसाच, एकसारखा. मला तर ती फळी बघून कंटाळा यायचा.

मग साथ आली, मागोमाग लस आली, आणि केंद्रावरच्या टोचायच्या टेबलाशी मी बसले. सुरुवातीला आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिकडे फिरकेना. मी दारोदार हिंडले. हात जोडले, दटावलं, एका आजोबांना तर दंडाला धरून आणलं. बाकी सगळ्यांचं एकच उत्तर होतं, "आधी तुझा भाऊ घेऊ दे, मग बघू."

आता माझा भाऊ म्हणजे काय विचारता! दिवसभर धगधगत्या ज्योतीशी खेळणारा माणूस, पण सुई दिसली की पांढराफटक. पुढच्या आठवड्यात येतो, पुढच्या आठवड्यात येतो करत त्याने महिना काढला. शेवटी सहा तारखेला सकाळी मी दुकानात शिरले, स्वतःच्या हाताने बर्नर बंद केला आणि त्याला अंगावरच्या ॲप्रनसकट केंद्रावर ओढत नेलं. तो खुर्चीत डोळे मिटून बसला. "डास, हळू हं," म्हणाला. मी म्हटलं, "झालंसुद्धा." त्याने एक डोळा उघडून दंडाकडे पाहिलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा हसला. पुढच्या चार-पाच दिवसांत अर्धी गल्ली येऊन टोचून गेली. मी इतकी मिरवले, इतकी मिरवले की विचारू नका.

महिनाअखेरीस वहिनीचा फोन आला. "अगं, ये लवकर. यांना श्वास घेववत नाहीये."

केंद्रावर इतकी गर्दी असायची की तीन आठवडे मी त्यांच्या घरी गेलेच नव्हते. त्या दिवशीही सुटका दुपारी झाली. मी इस्पितळात पोचले तेव्हा दादा उशांना टेकून बसला होता आणि त्याच्या पाठीतून सुईने पाणी काढून झालं होतं. फुप्फुसाच्या बाहेर एक पातळ आवरण असतं, त्याला सूज येऊन आत पाणी भरलं होतं. दीड लिटर. एवढ्या पाण्याने भाता मिटणार नाही तर काय होणार?

छातीचे डॉक्टर मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "दोन-अडीच महिन्यांपासून त्रास आहे म्हणतात तुमचे भाऊ. इतके दिवस अंगावर काढायला नको होतं." वहिनीने पदराने डोळे पुसले. "मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. मी तरी कशी एवढी आंधळी?"

दोन-अडीच महिने! म्हणजे लसीच्या कितीतरी आधीपासून. इथे मला खरं सांगितलं पाहिजे. त्या क्षणी मला हायसं वाटलं. भाऊ समोर धापा टाकत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, सुटले बाई. हे सांगताना आजही मान खाली जाते. वीस वर्षं नर्स आहे मी. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस माझ्यासमोर एका दमात जिने चढून आला होता, हे मला दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. पण मी तिकडे पाठ फिरवली.

पुढचे दोन महिने फार वाईट गेले. काचेचा धंदा म्हणून धुळीवर संशय आला. पाण्याची एक तपासणी क्षयाकडे बोट दाखवत होती म्हणून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी दादाचं अन्न तुटलं, पाणी मात्र हटेना. दुसऱ्यांदा काढलं, तिसऱ्यांदा काढलं. आवरण जाड व्हायला लागलंय, असंच चाललं तर ते फुप्फुसाला आवळून धरेल आणि मग ते पुन्हा पूर्ण फुलायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुकानाचं नावही काढू नका, म्हणाले. भात्याचा आवाज बसला. गल्लीच्या टोकाला ऐकू येणारा माणूस, आता पाणी मागायचं तर भिंतीवर टिचकी मारायचा.

एका शनिवारी त्याने स्वतःच सांगितलं, "बर्नर देऊन टाकतोय. एक ओळखीचा कारागीर आहे, सोमवारी येऊन नेईल. डास, उद्या जाऊन जरा सामान बांधून ठेवशील? माझ्याने बघवणार नाही."

रविवारी सकाळी मी दुकान उघडलं. सगळीकडे धूळ. नळ्या जाडीप्रमाणे लावून ठेवलेल्या, ॲप्रन खिळ्याला, रबरी नळीवर त्याच्या दातांच्या खुणा तशाच. मी रडत-रडत खोकी भरत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. शेवटी खिडकीवरची फळी राहिली. फुगे पिंपात टाकायचे म्हणून मी स्टुलावर चढले.

त्या महिन्याचे फुगे फोडायचे राहूनच गेले होते. आजारपणात कोण फोडणार?

एक तारखेचा फुगा उचलला. भलामोठा, दोन हातांनी धरावा लागला. दोन, तीन, चार, पाच, सगळे तसेच. सहा तारखेचाही तसाच, फक्त त्याच्या मानेवर तारखेशेजारी काहीतरी खरवडलेलं होतं. उजेडात धरलं. सहा पाय, दोन पंख आणि एक लांबलचक सोंड. डास काढला होता गाढवाने.

मला हसू फुटलं, आणि ते तोंडावरच थिजलं. कारण पुढची ओळ दिसत होती. सात ते चौदा, सगळे भरदार. पंधरा तारखेचा जरासा बारका. सोळाचा एका बाजूला कललेला. मग रोज थोडा थोडा लहान होत वीस तारखेला संत्र्याएवढा, आणि सव्वीसला लिंबाएवढा, जाड, ओबडधोबड. त्यानंतर फळी रिकामी.

दोन-अडीच महिने कसले! पाच तारखेला ज्याची छाती आजारी होती तो माणूस एवढा फुगा एका दमात कसा फुंकेल? त्रास सुरू झाला पंधराला. मी टोचल्यानंतर नवव्या दिवशी.

मी स्टुलावरच बसले. फुगे पिंपात टाकून दुकानाला कुलूप लावलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला, पण आला होता.

मी रद्दी कागदात एकेक फुगा गुंडाळला, खोकं उचललं आणि तडक दादाच्या घरी गेले.

"खोटं बोललास तू," मी दारातूनच सुरुवात केली. "डॉक्टरांशी! कुणी तरी बोलतं का डॉक्टरांशी खोटं?" आणि सहा तारखेचा नि सव्वीस तारखेचा असे दोन फुगे त्याच्या पांघरुणावर ठेवले.

दादाने ते पाहिले आणि डोळे मिटले. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला. "किती खूश होतीस तू. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची नावं बोटांवर मोजून सांगत होतीस. मी तोंड उघडलं असतं... तर निम्मे लोक दुसऱ्या डोसला आले नसते. साथीत गेले असते एक-दोन. आणि तू... तुला मी ओळखत नाही? जन्मभर स्वतःला कुरतडत बसली असतीस."

"मोठा आलास शहाणा! मग आता काय करतेय मी? नाचतेय?" माझा आवाज चिरकला. "अरे, डॉक्टर चुकीच्या वाटेने चाललेत तुझ्या एका वाक्यामुळे. तुझी छाती जाईल, दादा. माझ्यासाठी? मी मागितलं होतं?"

मागे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"दोन महिने," ती दादाला म्हणाली, "दोन महिने मी स्वतःला खातेय. नवरा शेजारी झोपतो आणि त्याचं दुखणं मला दिसलं नाही म्हणून. आणि तुम्ही मला खाऊ दिलंत." मग ती माझ्याकडे वळली. एरवी मला अगं-तुगं करणारी, हातावर टाळी देऊन हसणारी वहिनी. "वन्सं, त्यांचं सोडा. ते घाबरट आणि हळवे, दोन्ही आहेत. पण तुम्ही नर्स ना? तुम्हाला एकदासुद्धा वाटलं नाही, तारीख नीट विचारावी?"

मला राग लवकर येतो. त्या दिवशी नाही आला. मी म्हटलं, "वाटलं होतं, वहिनी. मी विचारली नाही."

ती आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी धड बोलली नाही.

सोमवारी कारागिराला नको म्हणून कळवलं आणि आम्ही खोकं घेऊन छातीच्या डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर म्हणाले, "हे काय, काचसामान कशाला?" मी त्यांच्या टेबलावर फुगे तारखेप्रमाणे मांडत गेले. पंधरापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. सव्वीसचा फुगा त्यांनी स्वतः उचलला, त्यातून फुंकर मारून पाहिली, परत ठेवला.

"मशीनवर श्वास मोजतो आम्ही," ते म्हणाले, "पण आजारी पडायच्या आधीची मोजणी कधी कुणाकडे नसते. तुमच्याकडे रोजची आहे. आणि तुम्ही ती घरी ठेवून मला गोष्ट सांगितलीत." दादाने शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली.

"लसीनेच झालं का?" मी विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "लसीनंतर झालं, एवढं ही काच सांगते. लसीमुळे झालं, हे ती सांगू शकत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा कधी कधी बिथरते आणि आपल्याच आवरणावर उठते. असा आजार असतो, तो फार विरळा. लसीनंतर झाल्याचं एखाद्या लेखात वाचलंय मी, स्वतः पाहिलेलं नाही. पण आता तसा विचार करून तपासायला हवं. आधी कळलं असतं तर आधी तपासलं असतं."

छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा काढला. रक्ताची एक वेगळी तपासणी लांबच्या प्रयोगशाळेत गेली. धूळ नव्हती, क्षय नव्हता. आपल्याच संरक्षक पेशींनी त्या आवरणात तळ ठोकला होता. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या आणि स्टेरॉइड सुरू झालं.

त्याच आठवड्यात मी केंद्रावरच्या मोठ्या मॅडमकडून फॉर्म मागून घेतला. लसीनंतर काही गंभीर झालं तर भरायचा फॉर्म. इतके दिवस तो कपाटात होता, मी कधी भरला नव्हता. रुग्णाचं नाव, वय, धंदा. लस दिल्याची तारीख, सहा. लक्षणं सुरू झाल्याची तारीख, पंधरा. लस देणाऱ्याचं नाव, माझं. माहिती देणाऱ्याचं नाव, माझं. रुग्णाशी नातं, बहीण. एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. मॅडमनी फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं. "खात्री नसतानाही पाठवायचा असतो," त्या म्हणाल्या. "असे सगळे एकत्र ठेवले तरच कधीतरी कळतं, खरं काय ते." आणि खाली सही केली.

गल्लीत मी स्वतःच सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कशाला कळायला हवं? ज्या ज्या दारात लस घ्या म्हणून गेले होते, त्या त्या दारात गेले. काय झालं ते सांगितलं, किती विरळा आहे ते सांगितलं, साथीत याच गल्लीतून कोण गेलं तेही सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. एक बाई म्हणाल्या, "स्वतःच्या भावाला सोडलं नाहीस, आम्हाला काय सोडणार!" मी गिळलं ते. माझ्या टेबलासमोरची रांग निम्मी झाली. मी रोज जाऊन बसत होते, बस्स.

दादा मात्र सुधारत होता. औषधाने तोंड भोपळ्यासारखं सुजलं, भूक अशी की भांडी चाटून पुसून ठेवायचा, आणि चिडचिड तर माझ्यावर ताण. पण पाणी पुन्हा भरलं नाही. पाचव्या आठवड्यात तो दुकानात जाऊन बसला, नुसता बसला. सातव्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून, पंखा लावून, त्याने बर्नर पेटवला. पहिला फुगा लिंबाएवढाही झाला नाही. त्याने त्यावर तारीख घातली. "पंधरवड्याने बघ," म्हणाला. पंधरवड्याने संत्र्याएवढा झाला. पूर्वीसारखा होईल का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. आवरणाचा एक कोपरा जाड राहिलाय तो राहिलाय.

हे सगळं मला दादाकडून कळायचं, दुकानात. घरी मी जात नव्हते. गेलेच तर वहिनी दार उघडायची, "या वन्सं," म्हणायची आणि आत जायची. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

एका मंगळवारी केंद्रावर अकराच्या सुमाराला मी मान खाली घालून यादीत खुणा करत होते. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलं. मी न बघताच विचारलं, "नाव?" मान वर केली तर वहिनी. बाही दंडापर्यंत वर केलेली.

तिचा दुसरा डोस दादाच्या आजारपणात राहून गेला होता, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावर दुसरी नर्स रिकामीच बसली होती. मी तिकडे बोट दाखवलं. "वहिनी, तिथे... ती छान देते."

"मी बघून आलेय कुठे बसायचं ते."

मी औषध सिरिंजमध्ये भरलं. वीस वर्षांत हजारो दंड पाहिले असतील मी. त्या दिवशी मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. रांगेतली चार माणसं माना वर करून बघत होती. स्वतःच्या भावाला सोडलं नाहीस म्हणणाऱ्या त्या बाईही होत्या त्यात.

"भीती नाही वाटत तुम्हाला?" मी हळूच विचारलं.

"वाटते की," वहिनी म्हणाली. तिने मात्र आवाज लहान केला नाही. "म्हणून तर तुझ्याकडे आले. मला उद्या काही झालं, तर तू ते लिहिशील. स्वतःचं नाव घालून लिहिशील. ते मी बघितलंय."

माझ्या डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं. मी बाहीने डोळे पुसले, हात पुन्हा धुतले, नवीन हातमोजे घातले.

"उरक लवकर," ती म्हणाली, "त्यांचा डबा द्यायचाय दुकानात. आणि हळू हं."

मी टोचलं. मागच्या त्या बाई पुढे सरकल्या.